दाराशी लावलेले टायर

ज्या भूमीवर काळवीट निर्भयपणे फिरतं ती भूमी पवित्र समजावी, असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. पूर्वापार म्हणजे नेमकं कधीपासून आणि आपल्याकडे म्हणजे कोणाकडे, हे मला सांगता येणार नाही. भाच्याच्या सहलीच्या माहितीपत्रकासाठी हे वाक्य मी लिहून दिलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं. आमच्या गावात काळवीट निर्भयपणे फिरत नाही. हरभरा घाट्यावर आला की सगळं गाव पत्र्याचे डबे बडवतं, बांधावर जुनी लुगडी टांगतं आणि एरवी देवाला वाहायला जपून ठेवलेल्या शिव्या हरणांना वाहतं. पण माहितीपत्रकात डबे लिहीत नाहीत.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर त्याच्या वाट्याला दोन एकर द्राक्षबाग आणि एक शेततळं आलं. नुसत्या बागेवर घर चालेना म्हणून तो जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात लागला. आठ वर्षं रोज मोटरसायकलवर गेला नि आला. तिथे तापून लाल झालेली सळई रुळांवरून सापासारखी धावते आणि एखादे वेळी रूळ सोडते. एकदा तिने सोडला. भाच्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. जखम भरली, पण कातडी तेल लावल्यासारखी चकचकीत राहिली. त्यानंतर तो मला एकदाच म्हणाला, "आत्या, त्या फाटकातून परत आत न्हाई जायचं मला." पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. मुकादमाने मात्र त्याची जागा धरून ठेवली होती. सोमवारी सकाळपर्यंत येतो की नाही ते कळव, असा निरोप होता.

त्या सोमवारच्या आदल्या रविवारी सहल होती. संभाजीनगरची एक सहल कंपनी 'वाइन कंट्री, एक दिवस' असा कार्यक्रम सुरू करणार होती. सकाळी वाइनरी, मग द्राक्षबाग, दुपारी गावरान जेवण, संध्याकाळी माळावर वन्यप्राणी. पहिली बस चाचणीची. सोबत कंपनीचा माणूस येणार, पाहुण्यांकडून फॉर्म भरून घेणार. पसंत पडलं तर हंगामभर दर रविवारी बस, आणि वाटाड्या म्हणून भाच्याला पगार. नाही पडलं तर सोमवार होताच.

वाइन कंट्री हे नाव आमच्या भागाला कसं लागू पडतं, हे मी विचारलं होतं. आमची द्राक्षं खाण्याची. त्यांची वाइन होत नाही. वीस-बावीस किलोमीटरवर एका हौशी माणसाने वाइनरी काढली आहे, पण त्याची द्राक्षं नाशिककडून टेम्पोने येतात. भाचा म्हणाला, "कंट्री बराबर हाय आत्या. वाइन बी हाय. दोन्हीमधी थोडं अंतर हाय, इतकंच."

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यामुळे मला दोन खोडी आहेत. एक, कशावरही चार वाक्यं लिहून देणं. दुसरी, कोणी तपासायला येणार म्हटलं की जागा सजवणं. शाळेत तपासणीच्या आठवड्यात आम्ही फाटकापासून वर्गापर्यंत दगडांना चुना फासायचो, आणि कुठून जुने टायर मिळाले तर लाल-पिवळे रंगवून अर्धे जमिनीत पुरायचो. साहेब खूश होऊन जायचे. मुलांना वाचता येत नसे ते पुढच्या वर्षावर जाई.

टायर भाच्याच्या शेततळ्यावर होते. शेततळं म्हणजे एक भला मोठा चौकोनी खड्डा, त्यात काळं जाड प्लास्टिक अंथरलेलं. पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि उन्हाळाभर बागेला पुरवायचं. आमच्याकडे ते नसतं तर द्राक्षं नसती. पण प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि उतार असा गुळगुळीत होतो की आत गेलेलं काहीही आपल्या पायांनी वर येत नाही. शेजारच्या गावात एक बाई निसटलेली बादली धरायला वाकली आणि आत गेली. तिला काढायला नवरा उतरला. बादली तेवढी वर तरंगत होती.

त्यानंतर आमच्या तळ्याच्या चारी बाजूंनी जाड दोर सोडून त्याला मोटरसायकलचे जुने टायर पायरीसारखे बांधले गेले. बांधले ते म्हाताऱ्या मामांनी. मामा नात्याचे नव्हेत. धावड्याकडचे धनगर. कळप कधीच मोडला होता. उरलेल्या पाच शेळ्या घेऊन भाच्याच्या बागेची राखण करायचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं.

सहलीच्या आठ दिवस आधी कंपनीचा माणूस जागा बघायला आला. तिशीचा, बोलायला गोड, बुटांना धूळ लागली की थांबून पुसणारा. माहितीपत्रकात मी शेततळ्याला 'निळाशार जलाशय' म्हटलं होतं. त्याने जलाशय पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, व्ह्यू चांगला आहे. पण हे टायर... गॅरेज वाटतंय." भाच्याचा चेहरा उतरला. तेव्हा मी म्हणाले की टायर दाराशी रंगवून लावू, छान कमान होईल. हे मी म्हणाले. दुसरं कोणी नाही.

दोन दिवसांत टायर निघाले, रंगले आणि बागेच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना अर्धे पुरले गेले. दोराचा लिंबाच्या झाडाला झोका झाला. मामा उभे राहून बघत होते. ते मला म्हणाले, "बाई, ते शोभेला न्हाई लावलेले."

"एका दिवसाचा प्रश्न आहे मामा," मी म्हणाले. "सोमवारी परत लावू."

मामा शेळ्यांकडे वळले. शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही अशी त्यांची पद्धत होती, आणि तिचा मी तीस वर्षं फायदा घेतला आहे.

रविवारी दहाला बस वाइनरीवर पोचली. बावीस पाहुणे. वाइनरी म्हणजे पत्र्याची शेड, आत स्टीलच्या टाक्या, बाहेर एक कुत्रं. भाच्याने गळ्यात स्पीकर अडकवला होता. तो माळकरी, वाइन सोडा, त्याने कधी ताडीसुद्धा चाखली नव्हती. मीही नाही. तरी वाइनची चव कशी सांगायची हे मी त्याला लिहून दिलं होतं, कारण पुस्तकांत ते सापडतं. पुस्तकांत वाइनला ओक नावाच्या लाकडाचा वास येतो. इथे ओक कोणाला माहीत, म्हणून मी बाभूळ लिहिलं. भाच्याने ते पाठ म्हटलं: शेवटी जिभेवर बाभळीच्या लाकडाचा हलका गंध राहतो. चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून घोट फिरवला आणि बायकोला म्हणाले, "येते बघ, बाभूळ येते." वाइनरीचा मालक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या टाक्यांना लाकूड कधी शिवलंही नव्हतं.

तिथून बस बागेत आली. फाटकाशी लाल-पिवळ्या टायरांची रांग आणि तिच्या तोंडाशी मामा. कंपनीच्या माणसाने त्यांना खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन उभं केलं होतं. मार्च महिना, बाराची वेळ. मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पाहुणे एकेक करून त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. मी पाणी नेऊन दिलं. ते म्हणाले, "बाई, मेंढरं राखताना बी इतकं उभं न्हाई राह्यलो कधी. मेंढरं तरी पुढं सरकतात."

बागेत मण्यांनी लगडलेले घड होते, वर पाखरांसाठी जाळी. पाखरांसाठी म्हणजे पाखरं येऊ नयेत म्हणून. जाळीत अडकून वाळलेली दोन बुलबुलं भाच्याने पहाटे उठून काढली होती. कार्यक्रमात पक्षी संध्याकाळी होते.

जेवण भाचेसुनेने केलं होतं. भाकरी, येसराची आमटी, भरली वांगी, पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीचा ठेचा. हा त्या दिवसातला एकमेव भाग ज्यावर मी एक शब्दही लिहून दिला नव्हता, आणि त्यावर कोणाचीच तक्रार नव्हती. चष्म्याच्या गृहस्थांनी तीन भाकरी खाल्ल्या. कंपनीचा माणूस मांडी घालून बसला, घाम पुसत ठेचा खात राहिला, आणि भाच्याला म्हणाला, "झालं समजा. संध्याकाळी हरणं तेवढी दाखवा." भाच्याने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी बारशापासून पाहत आले आहे, पण इतका मोकळा झालेला फार दिवसांनी पाहिला.

जेवणानंतर जलाशय. अडीच-तीनची वेळ असेल. दोन बायका झोक्यावर बसल्या, बाकीचे भाच्यामागून तळ्याच्या बांधावर चढले. पहिल्यांदा चष्म्याचे गृहस्थ ओरडले, "अरे, ते बघा."

पाण्यात काळवीट होतं. पिळदार शिंगं, काळं तोंड, डोळ्यांभोवती पांढरं. बाकी अंग पाण्याखाली. माळावरची डबकी आटली की ही जनावरं बागेच्या पाण्याकडे येतात. कधी आलं आणि कधी घसरलं ते कोणी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या काठाला ते जायचं, पुढचे दोन खूर प्लास्टिकवर टेकवायचं, हातभर वर यायचं आणि परत आत. मग दुसऱ्या काठाला. प्लास्टिकच्या शेवाळावर खुरांचे ओरखडे सगळीकडे होते. खूप होते.

पाहुण्यांना वाटलं ते पोहतंय. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे फोन वर झाले. कंपनीचा माणूस भाच्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "हे रोज असतं का? संध्याकाळची गरजच नाही मग."

भाच्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, परीक्षेत मुलं बाईंकडे बघतात तसं. मी हिशोब करत होते की हे ओरखडे पाहुण्यांना लांबून दिसत नाहीत, माळावरचा कार्यक्रम अजून बाकी आहे, सगळ्यांना चहाला म्हणून पाच मिनिटांत खाली नेता येईल आणि मग मागून दोर टाकता येईल. पाच मिनिटं. भाच्याने स्पीकर तोंडाशी नेला आणि माझं वाक्य म्हटलं. काळवीट हा अत्यंत सावध प्राणी आहे. त्याचं असं जवळून दर्शन होणं हे भाग्य समजलं जातं. पाठ चांगलं झालं होतं, कुठे अडखळला नाही.

मग काळविटाने आवाज केला. हरीण ओरडतं हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. एक वयस्क बाई, सकाळपासून गटात कोणाशी न बोललेली, म्हणाली, "अहो, त्याला वर येता येत नाहीये."

भाच्याने स्पीकर काढून टाकला. बूट काढले आणि सरळ उताराकडे निघाला. बायकोने त्याला खालून पाहिलं असावं. भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून ती धावत वर आली आणि त्याचा भाजलेला हात तिने दोन्ही हातांनी धरला. ती ओरडली नाही.

"उतरा ना," ती म्हणाली. "मंग मी बी उतरते मागून. दोघांचं एकदाच होऊन जाईल."

तो थांबला. शेजारच्या गावातली ती बादली आम्हा तिघांनाही दिसली असणार.

मग तो टायरांसाठी फाटकाकडे पळाला. तळ्यापासून फाटक लांब, मधे अख्खी बाग. मी बांधावर उभी होते आणि तेव्हा मला स्पष्ट दिसलं की त्या शेतातल्या जीव वाचवायच्या सगळ्या वस्तू आम्ही दाराशी शोभेला लावल्या होत्या. टायर तिथे होते, पुरलेले. दोर झाडावर होता आणि त्यावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांना उतरा म्हणावं लागलं. त्या 'आत्ताच तर बसलो' म्हणाल्या. बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं हे माहीत असलेला एकुलता एक माणूस घोंगडी पांघरून फोटोला उभा होता.

मामांनी घोंगडी खांद्यावरून टाकली नाही, तशीच घेऊन पळाले. टायर उकरायला वेळच नव्हता. झोक्याचा दोर त्यांनी कोयत्याने कापून आणला, बांधावर येईतो त्याचा फास केला, आणि दुसऱ्या फेकीला तो शिंगात अडकवला. ओढायला पाहुणे आले, हे मी लिहिलंच पाहिजे. चष्म्याचे गृहस्थ, बसचा ड्रायव्हर, कंपनीचा माणूससुद्धा, बूट चिखलात रोवून. काळवीट वर आलं. प्लास्टिकच्या कडेला ते आडवं पडलं, पोट भात्यासारखं हलत होतं. कोणीतरी म्हणालं, वाचलं. मामांनी सगळ्यांना हाताने मागे सारलं. पण इतकी माणसं त्याने आयुष्यात इतक्या जवळून पाहिली नसावीत. त्याने एकदा उठायचा प्रयत्न केला, मान टाकली, आणि भाता थांबला.

मामा गुडघ्यावर बसून होते. त्यांनी त्याच्या मानेखाली हात घालून पाहिलं. "पाण्यानं न्हाई मेलं," ते म्हणाले. "भेवून मेलं." आणि खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्यावर टाकली. त्या दिवसात तिचा तेवढा एक उपयोग झाला.

पाहुण्यांना चहा दिला. माळावरचा कार्यक्रम कोणी मागितला नाही. बस चारलाच निघाली. फॉर्म बसमध्ये भरून घेतो, असं कंपनीचा माणूस म्हणाला. त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढला.

वनखात्याचा माणूस संध्याकाळी आला. शिकलेली म्हणून पंच मलाच केलं. पंचनाम्यात 'पाणी पिण्यास आले असता तळ्यात पडून मृत' असं लिहिलं गेलं. ते खरंच होतं. तळ्यावरचे टायर कुठे होते, असा रकाना पंचनाम्यात नसतो. मी सही केली. नियमाप्रमाणे काळवीट गायरानात नेऊन जाळलं. लाकूड बाभळीचं होतं. त्याचा वास हलका नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले तेव्हा मामा पहारीने टायर उकरत होते. भाचा एकेक उचलून तळ्यावर नेत होता. रंग काढायला वेळ नव्हता. काळ्या प्लास्टिकवर लाल, पिवळा, लाल असे ते उतरत गेले. मी एक टायर उचलायला वाकले. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू द्या बाई. ह्यो एका दिवसाचा प्रश्न न्हाई."

मी टायर ठेवला.

भाच्याचा फोन खिशात होता. मुकादमाला आठ वाजता सांगायचं होतं. पावणेआठला तो तळ्याच्या बांधावर बसला आणि भाजल्या हाताची बाही खाली ओढून बटण लावू लागला. कारखान्यात पूर्ण बाही लागते. तो म्हणाला, "आत्या, ते त्या पाहुण्या बाईंनी सांगितलं म्हणून मला दिसलं, असं न्हाई. मला आधीच दिसल्तं." मी म्हणाले, "मलाही."

आठला पाच कमी असताना फोन वाजला. मुकादमाचा नव्हता. कंपनीच्या माणसाने सांगितलं की साहेबांनी रात्री फॉर्म पाहिले आणि पुढच्या रविवारपासून बस नक्की. टायर परत तळ्यावर लावले असतील तर तिथेच राहू द्या, म्हणाला. फोटोत रंग चांगला दिसेल. भाच्याने 'हो' म्हटलं. मग मुकादमाला फोन करून 'न्हाई' म्हटलं. दोन्ही वेळा आवाज एकसारखाच होता.

भाचा आता दर रविवारी स्पीकर गळ्यात घालतो. तळ्याशी आला की तो बंद करतो आणि पाहुण्यांना बांधाखालीच थांबवतो. माहितीपत्रकातलं पवित्र भूमीचं ते पहिलं वाक्य काढा, असं मी कंपनीला कळवलं, पण ते छापून झालं होतं.

फॉर्म मला नंतर पाहायला मिळाले. जेवण, स्वच्छता, मार्गदर्शक, सगळ्याला चांगले शेरे होते. शेवटचा प्रश्न होता, वन्यप्राणी दिसले का? बावीसपैकी एकवीस जणांनी 'हो' वर खूण केली होती. एकाने लिहिलं होतं, 'हो, पण लांबून.'